हातातलं घड्याळ झोप किती खरी सांगतं? घरच्या घरी तपासायची पद्धत

झोप मोजणारं घड्याळ किंवा बँड आता दोन-अडीच हजारांत मिळतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच काय, तालुक्याच्या गावांतही अनेकांच्या मनगटावर तो दिसतो. सकाळी उठल्या उठल्या अ‍ॅप उघडायचं, 'झोप ७ तास १२ मिनिटं, गाढ झोप १ तास ५ मिनिटं' असं वाचायचं आणि त्यावरून आजचा दिवस कसा जाणार ते ठरवायचं, ही सवय झपाट्याने लागते आहे. तो आकडा खरा की खोटा, हे मात्र फार थोडे जण तपासतात. तपासणं अवघड नाही. एक वही, एक जुना बटणांचा मोबाइल आणि दोन आठवड्यांचा संयम असला की बरंच काही कळतं.

घड्याळाची परीक्षा झोप ओळखण्यात नसते, जाग ओळखण्यात असते. यावल तालुक्यातल्या आमच्या एका नातलगाने हे मला एका वाक्यात समजावलं. केळीला पाणी द्यायचं तर थ्री फेज वीज रात्रीची येते, म्हणून ते शेतातल्या खोलीत खाटेवर पडून विजेची वाट बघतात. घड्याळाने त्यांना त्या रात्रीची भरपूर झोप दाखवली होती. "झोपलो कुठे भो? डोळे उघडे ठेवून वाट बघत पडलो होतो," ते म्हणाले. निपचित पडलेल्या जागत्या माणसाला घड्याळ झोपलेला धरतं. या एका दोषाभोवतीच पुढची सगळी तपासणी बांधली आहे.

घड्याळ कशावरून ठरवतं

दवाखान्यातल्या झोपेच्या तपासणीला पॉलीसोम्नोग्राफी म्हणतात. तिच्यात डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण नोंदवतात. सोबत श्वास, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोकेही असतात. मग रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा जाग, एन-१ किंवा एन-२ (हलकी झोप), एन-३ (गाढ झोप) किंवा रेम (बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात ती झोप) यांपैकी काय आहे ते ठरवतात. हेच झोपेचे टप्पे. रेम झोप ओळखली गेली ती १९५३ मध्ये, शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांच्या कामातून. तुकडे वाचायचे नियम १९६८ मध्ये ठरले आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या झोपविषयक अकादमीने ते नव्याने बांधले.

मनगटावरच्या घड्याळाला मेंदूच्या लहरी कळतच नाहीत. त्याच्याकडे एक हालचालमापक असतो आणि मागच्या बाजूला हिरवा दिवा. त्या दिव्याचा उजेड त्वचेखालचं रक्त शोषून घेतं. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त झालं की परत येणारा उजेडही कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. नुसत्या हालचालीवरून झोप-जाग ओळखण्याचं कोल, क्रिप्के आणि सहकाऱ्यांचं सूत्र १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. आजच्या घड्याळांनी त्या विचाराला नाडीची आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउताराची जोड दिली. म्हणजे 'गाढ झोप' हा घड्याळाने केलेला अंदाज असतो. मेंदूच्या लहरी डोळ्यांसमोर असूनही दोन प्रशिक्षित तंत्रज्ञांचं एकमत सुमारे ८० टक्के तुकड्यांवरच होतं, हेही ध्यानात असू द्या.

यातून घरी काय तपासता येईल ते ठरतं. झोप लागल्याची वेळ, उठल्याची वेळ, मधली जाग, एकूण झोप, दिवसाची झोप आणि नाडी हे सगळं तपासता येतं. गाढ, हलकी आणि रेम झोपेची वाटणी घरी तपासता येत नाही. त्यासाठी मेंदूच्या लहरींची नोंद लागते.

तयारी: सुरू करण्याआधी काय गोठवायचं

दोन आठवडे घड्याळाच्या सेटिंगला हात लावायचा नाही. अ‍ॅपमध्ये वय, वजन, उंची आणि कोणत्या हातात घालता ही माहिती बरोबर भरा. झोपेची ठरावीक वेळ विचारत असेल तर रोज पडता ती खरी वेळ द्या. आपोआप अपडेट बंद करा आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक वहीत लिहून ठेवा. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या साधारण एक बोट वर बांधा. पट्टा इतकाच घट्ट हवा, की हात हलवला तर घड्याळ घसरत नाही आणि सकाळी त्वचेवर खोल वळ उठत नाही. चार्जिंग संध्याकाळीच करून घ्या. पहाटे बंद पडलेल्या घड्याळाची रात्र हिशोबात धरता येत नाही.

याहून महत्त्वाचा एक नियम आहे आणि लोक तोच मोडतात: वहीतली नोंद पूर्ण झाल्याशिवाय अ‍ॅप उघडायचं नाही. आधी अ‍ॅप बघितलं की आपली आठवण त्या आकड्याकडे सरकते. अ‍ॅपने सव्वाअकरा म्हटलं की आपल्यालाही सव्वाअकराच आठवायला लागतात. मग दोन्ही आकडे जुळतात, पण पडताळणी झालेली नसते.

ठाम नोंद कशी करायची: मिस्ड कॉलची युक्ती

वहीत रोज सकाळी सहा गोष्टी लिहा: अंथरुणावर कधी पडलो, झोपायचा प्रयत्न कधी सुरू केला, अंदाजे झोप कधी लागली, रात्री किती वेळा आणि किती वेळ जाग आली, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. शेजारी शेरा लिहायला जागा ठेवा: उशिरा जेवण, ताप, लग्नाचा बँड, कूलर बंद पडला, काहीही.

पण नुसती आठवण कच्ची असते. अर्ध्या झोपेत वीस मिनिटं कधी पाच वाटतात, कधी पन्नास. म्हणून घड्याळाशी संबंध नसलेली, वेळेचा शिक्का मारणारी एखादी नोंद हवी. स्मार्टफोन हातात घेतला तर पडद्याच्या उजेडाने झोप मोडते. त्यापेक्षा बटणांचा साधा मोबाइल उशाशी ठेवा आणि स्वतःच्याच स्मार्टफोनचा नंबर एका बटणावर बसवा. स्मार्टफोन दुसऱ्या खोलीत, आवाज बंद करून. रात्री जाग आली की बटण दाबायचं, एक रिंग जाऊ द्यायची आणि कट करायचं. सकाळी स्मार्टफोनच्या कॉल यादीत प्रत्येक जागेची वेळ मिनिटासकट मिळते. बटण दाबताना घड्याळ नसलेला हात वापरा. घड्याळाचा हात हलला तर त्याला आयतीच हालचाल मिळेल आणि एरवी चुकलेली जाग त्या दिवशी बरोबर पकडली जाईल.

झोप लागल्याची वेळ शोधायलाही हाच फोन कामी येतो. दर पाच मिनिटांनी अगदी हळू 'टिंग' वाजेल असं रेकॉर्डिंग किंवा टायमर लावा. टिंग ऐकू आली की मिस्ड कॉल द्यायचा. ज्या पहिल्या टिंगला कॉल गेला नाही, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत कधीतरी झोप लागली. आवाज इतका बारीक हवा, की झोपलेला माणूस जागा होणार नाही. हा प्रयोग रोज करू नका, त्यानेच झोप बिघडते. आठवड्यातून दोन रात्री पुरे.

घरात वाय-फाय कॅमेरा असेल तर त्याची अंधारातली नोंद उत्तम, कारण तिच्यावर वेळ छापलेली असते. उन्हाळ्यात गच्चीवर सगळं घर ओळीने झोपलेलं असतं, तेव्हा कॅमेरा लावण्याआधी प्रत्येकाला विचारा. पाहुणे असतील त्या दिवशी लावूच नका.

मुख्य परीक्षा: जागं राहून निपचित पडायचं

हा प्रयोग थोडा कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त तोच शिकवतो. रात्री नेहमीच्या वेळी अंथरुणावर पडा, दिवा बंद करा आणि एक तास मुद्दाम जागे राहा. घड्याळाचा हात अजिबात हलवायचा नाही. कीर्तनाचं रेकॉर्डिंग, क्रिकेटची कॉमेंट्री, जे जागं ठेवेल ते हळू आवाजात ऐका. दर पाच मिनिटांच्या टिंगला मिस्ड कॉल द्या, म्हणजे आपण खरंच जागे होतो याचा पुरावा राहतो. दोन टिंग लागोपाठ हुकल्या तर तेवढा भाग हिशोबातून काढा.

हीच परीक्षा एकदा पहाटे द्या. साडेचारला उठायचा गजर लावा आणि जाग आल्यावर साडेपाचपर्यंत तसेच पडून राहा. पहाटेची परीक्षा घड्याळाला जास्त जड जाते. नाडी रात्रभराची मंदावलेली असते, शरीर सैल असतं, आणि आधीची झोप पुढे ताणून टाकण्याकडे गणिताचा कल असतो.

आता हिशोब. समजा तुम्ही अंथरुणावर ४८० मिनिटं होता. त्यांपैकी ४२० झोपेची आणि ६० जागेची. काहीही न मोजता 'सगळी झोपच' म्हणणारं एखादं खेळण्यातलं घड्याळ ४८० पैकी ४२० मिनिटं बरोबर ठरेल, म्हणजे ८७.५ टक्के. जाहिरातीत किंवा खोक्यावर 'अचूकता अमुक टक्के' असं लिहिलेलं दिसलं की हा हिशोब आठवा. एका आकड्याने काही कळत नाही, दोन लागतात: झोपेच्या मिनिटांपैकी किती झोप म्हणून ओळखली, आणि जागेच्या मिनिटांपैकी किती जाग म्हणून. समजा घड्याळाने झोपेची ४२० पैकी ४०० मिनिटं पकडली, म्हणजे सुमारे ९५ टक्के. आणि जागेची ६० पैकी २४, म्हणजे ४० टक्के. एकूण अचूकता निघते ८८ टक्के. ऐकायला छान वाटते, पण अर्ध्याहून जास्त जाग हुकलेली आहे. प्रयोगशाळेत पॉलीसोम्नोग्राफीशी ताडून बघितलेल्या मनगटी यंत्रांचं साधारण चित्र हेच दिसतं: झोप ओळखण्यात ९० टक्क्यांच्या वर, जाग ओळखण्यात त्याहून बरीच मागे, आणि यंत्रायंत्रात मोठा फरक.

हे महत्त्वाचं का? ज्याला पडल्या पडल्या झोप लागते त्याच्याबाबत घड्याळ आपोआप बरोबर ठरतं. निद्रानाशाचा रुग्ण, बाळंतीण, विजेची वाट बघणारा शेतकरी, घरात आजारी माणूस असल्याने रात्र कुशीवर काढणारी बाई, यांच्या रात्रीत जागेची मिनिटं जास्त असतात. ज्यांना खऱ्या आकड्याची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच बाबतीत घड्याळ सगळ्यात जास्त चुकतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या यंत्रांचा हा सर्वात मोठा दोष आहे आणि विकताना तो कोणी सांगत नाही.

श्रावणात कानबाईचं, म्हणजे खानदेशातल्या देवीचं, जागरण असतं. ज्यांच्या घरी ते होतं त्यांना ही परीक्षा आयतीच मिळते. रात्रभर घरात गाणी चालू असतात आणि बसलेल्या माणसाची हालचाल कमी असते. दुसऱ्या दिवशी घड्याळाने त्या रात्रीची झोप किती दाखवली ते बघा. शून्य दाखवायला हवी.

तुटलेली आणि दिवसाची झोप

भुसावळच्या रनिंग रूममध्ये (रेल्वे कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीगृहात) दुपारी झोपणारे लोको पायलट, दीपनगरच्या वीज केंद्रातले पाळीवाले, रात्री मोटर चालू करायला उठणारे शेतकरी यांनी ही परीक्षा चुकवू नये. अनेक घड्याळं 'झोप म्हणजे रात्रीचा एक सलग तुकडा' असं धरून चालतात. म्हणून चार गोष्टी पाहा. रात्री उठून १०, २० आणि ४० मिनिटं चालून आलात तर ती जाग दिसते का? त्यानंतरची दुसरी झोप त्याच रात्रीत धरली जाते, वेगळी दाखवली जाते की गायब होते? दिवसा अर्धा तास आणि दीड तास झोपलात तर दोन्ही नोंदल्या जातात का? आणि २४ तासांची एकूण बेरीज अ‍ॅपमध्ये कुठे मिळते? दुसरी झोप गायब होत असेल, तर अ‍ॅप 'झोप फक्त ३ तास' असं सांगून उगाच घाबरवतं. अशा वेळी अ‍ॅप रात्रीच्या झोपेला देतं तो गुण बघणं सोडा आणि फक्त प्रत्येक तुकड्याची सुरुवात-शेवट वापरा.

नाडी आणि त्वचा

झोपेचे टप्पे नाडीवरून काढले जातात, म्हणून नाडी चुकली की पुढचं सगळं चुकतं. पडल्यावर आणि पहाटे उठल्यावर, दोन बोटांनी मनगटाची किंवा मानेची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा आणि त्याच वेळी घड्याळाचा आकडा लिहा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर तोही लावा. दोन-तीन ठोक्यांचा फरक चालतो. दहाचा फरक वारंवार येत असेल तर त्या घड्याळाच्या गाढ झोपेच्या आकड्याकडे बघायचं कारण नाही.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास आडवी येते: गोंदण. जुन्या पिढीतल्या बायकांच्या मनगटावर आणि कोपरापर्यंत हिरवट-निळं गोंदण असतं, आणि ती शाई दिव्याचा उजेड अडवते. आमच्या घरातल्या एका आजींच्या गोंदलेल्या मनगटावर घड्याळाची नाडी सारखी तुटत होती. घड्याळ कोऱ्या जागेवर, थोडं वर सरकवल्यावर ती स्थिर झाली. गडद त्वचाही हिरवा उजेड जास्त शोषते. बांगड्या-पाटल्यांच्या शेजारी घड्याळ असेल तर धक्के लागतात. अशा वेळी दुसऱ्या हातात घालून दोन रात्री ताडून बघा. हृदयाचे ठोके अनियमित असतील, पेसमेकर असेल किंवा नाडी मंद करणारी औषधं चालू असतील, तर टप्प्यांच्या आकड्यावर विसंबू नका.

ऋतूही बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रात्री घामाने पट्टा घसरतो, गच्चीवर बाजेवर कूस बदलणं वाढतं. धुळ्याच्या थंडीत उलट होतं: हात पांघरुणाबाहेर राहिला की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नाडीचा संकेत अशक्त होतो. म्हणून मे महिन्यात केलेली परीक्षा जानेवारीत पुन्हा करा.

आणखी एक झटपट चाचणी आहे. झोपेची नोंद चालू ठेवून घड्याळ एखाद्या निर्जीव वस्तूवर बांधा. रावेर-यावलकडे केळीची फणी सहज मिळेल, नाहीतर पाण्याची बाटली चालेल. परत येणाऱ्या उजेडातल्या बारीक चढउतारात काही घड्याळांना ठोके 'सापडतात'. केळीची नाडी ७० दाखवणारं घड्याळ तुमच्या मनगटावरून सैल झालं, तरी असाच आकडा बनवून देऊ शकतं.

चौदा रात्रींनंतरचा हिशोब

प्रत्येक रात्रीसाठी घड्याळाची एकूण झोप वजा वहीतली एकूण झोप करा. चिन्ह जपा. उदाहरणादाखल सात रात्रींचे फरक मिनिटांत असे धरू: +३५, +२०, +५०, +२५, +४०, +१५, +६०. बेरीज २४५, सरासरी ३५. म्हणजे हे घड्याळ सरासरी ३५ मिनिटं जास्त झोप दाखवतं. पण नेहमी नेमकी ३५ वजा केली की झालं, असं नाही. हे फरक किती विखुरले आहेत तेही बघावं लागतं. प्रमाण विचलन म्हणजे फरक सरासरीपासून साधारण किती लांब पसरले आहेत त्याचं माप. स्प्रेडशीटमधल्या त्याच्या सूत्राने इथे सुमारे १६ येतं. त्याला १.९६ ने गुणलं की ३२. सरासरीच्या दोन्ही बाजूंना ३२ घेतल्यावर घड्याळाची चूक बहुतेक रात्री ३ ते ६७ मिनिटांच्या पट्ट्यात निघते. ही रीत ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेली आहे आणि वैद्यकीय उपकरणं ताडून बघायला आजही वापरली जाते.

या उदाहरणात 'काल ७ तास, आज ६ तास ४० मिनिटं' असा फरक दिसला तर त्याला अर्थ नाही, तो घड्याळाच्या चुकीच्या आत बसतो. पंधरा दिवसांच्या सरासरीत तासाभराची घट दिसली तर मात्र लक्ष द्या. सूत्र नको असेल तर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान फरक लिहा, तेवढ्याने अंदाज येतो.

मग रात्री दोन गटांत लावा: चांगली झोप झालेल्या आणि जाग जास्त असलेल्या. दुसऱ्या गटात फरक वाढलेला दिसला, तर बिघडलेल्या रात्री तुमचं घड्याळ झाकून टाकतं, हे तुमच्याच आकड्यांनी सिद्ध झालं. दोन घड्याळं दोन हातांत बांधून ती जुळली म्हणून दोन्ही खरी मानू नका. दोघंही हालचाल आणि नाडीच बघतात, त्यामुळे दोघं एकाच दिशेला चुकू शकतात.

दवाखान्यात तपासणी होणार असेल तर

डॉक्टरांनी पॉलीसोम्नोग्राफी सांगितली असेल, तर त्या रात्री घड्याळ घालू का असं तंत्रज्ञांना विचारा. टप्पे ताडून बघायची ती एकमेव संधी असते. यंत्राची वेळ आणि फोनची वेळ यांतला फरक आधी लिहून घ्या. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे असली तरी सगळे तुकडे सरकतात. अहवालासोबत टप्प्यांचा आलेख मागा. परक्या खाटेवर झोप कमी लागते हे खरं, पण दोन्ही यंत्रं तीच रात्र मोजतात, त्यामुळे तुलना बिघडत नाही. घरी नेऊन लावायच्या श्वासाच्या तपासणीत बहुधा मेंदूच्या लहरी नसतात. तिच्यावरून टप्पे ताडता येत नाहीत.

मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकणं, सकाळी डोकं जड, दिवसा गाडी चालवताना डुलकी, यांपैकी काही असेल तर घड्याळ काय म्हणतं ते बाजूला ठेवून छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मरे जॉन्स यांची १९९१ ची एपवर्थ प्रश्नावली आठ प्रश्नांची आहे. २४ पैकी १० च्या वर गुण आले तर दिवसाची पेंग जास्त समजतात. केळीचा ट्रक रात्रभर उत्तरेकडे नेणाऱ्या चालकाने अ‍ॅपमधला 'झोप चांगली' सांगणारा हिरवा गोल बघून निर्धास्त होणं जिवावर बेतू शकतं.

उलटी बाजूही आहे. झोपेचा गुण वाढवायच्या नादात झोपच उडाल्याच्या तक्रारी डॉक्टरांकडे येऊ लागल्या आणि २०१७ मध्ये संशोधकांनी त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं. सकाळी ताजंतवानं वाटत असताना अ‍ॅपच्या आकड्याने मन खट्टू होत असेल, तर महिनाभर घड्याळ रात्री काढून ठेवा.

परीक्षा संपल्यावर वही फेकू नका. अपडेट आलं की कंपनी गणित बदलू शकते आणि तुमचा ३५ मिनिटांचा फरक रातोरात १० चा किंवा ६० चा होऊ शकतो. आवृत्ती क्रमांक बदललेला दिसला की निपचित पडून जागं राहायची परीक्षा, एकदा रात्री आणि एकदा पहाटे, पुन्हा घ्या आणि नव्या पानावर तारीख टाकून लिहा.